साखऱ्याच्या गायरानातले भुंगे

सेनगावकडे निघालेल्या एसटीत माझ्या शेजारी बसलेल्या पोराच्या मांडीवर बुटांचं खोकं होतं, आणि त्या खोक्यातून खसखस आवाज येत होता.

मी हिंगोलीहून मायचं मलम घेऊन साखऱ्याला परत निघाले होते. ऑगस्टचे दिवस. काचेवर थेंब आडवे पळत होते, गाडीभर ओल्या कपड्यांचा वास. खोक्याच्या झाकणाला सुईनं बारीक भोकं पाडलेली होती. मी एकदा बघितलं, दोनदा बघितलं... तिसऱ्यांदा बघितलं तेव्हा तो समोर बघतच म्हणाला, "चावत न्हाईत."

"काय हाय त्यात?"

"सांगितलं तर तुमी उठून दुसऱ्या सीटवर जाल."

"मग नका सांगू. खिडकी मला सोडायची न्हाई."

तो हसला. हसताना त्याची उजवी भुवई थोडी वर जात होती, हे मी उगाचच टिपून घेतलं. तेवढ्यात गाडी एका खड्ड्यात आदळली, खोकं त्याच्या मांडीवरून उडालं आणि झाकण उघडून माझ्या पायांवर पालथं झालं.

"हलू नका," तो म्हणाला. इतक्या हळू म्हणाला की मी खरंच हलले नाही.

माझ्या निळ्या ओढणीवर भुंगे पसरले होते. ज्वारीच्या दाण्यापेक्षा जरासे मोठे, दुधी रंगाचे, आणि पाठीवर चॉकलेटी नागमोडी रेघा... कुणीतरी बसून एकेकाला रंगवल्यासारखे. त्यानं खिशातून चित्र काढायचा ब्रश काढला आणि एकेक भुंगा त्यावर चढवून खोक्यात सोडायला लागला.

"काय सांडलं हो?" मागून कंडक्टरनं विचारलं.

"फुटाणे," मी म्हणाले.

ब्रश थांबला. त्यानं माझ्याकडे बघितलं. "घाबरला न्हाई तुमी."

"आमच्या घरी बेचाळीस मेंढरं हायेत. गोचिडं काढायचं काम माझं. भुंग्याला काय भ्यायचं?"

"मग आपण एकाच धंद्यातले. आमच्या आजोबांपर्यंत मेंढरंच व्हती." त्यानं माझ्या मनगटाजवळचा एक भुंगा उचलला. ब्रशचे केस हाताला लागले न लागले... "हे गाजर गवत खातात. परभणीच्या कृषी विद्यापीठातून आणलेत. मूळचे मेक्सिकोचे. ते गवत जिकडून आलं, तिकडलेच हे."

"गाजर गवत? ते तर आमच्या गावात गाढवंबी तोंडात घेत न्हाईत."

"गाढवांना काय कळतं."

मी हसले, आणि मग माझं हसू थांबलं. हातात मायच्या मलमाची पिशवी होती. का कोण जाणे, मी त्या अनोळखी पोराला सगळं सांगून टाकलं. गावाचं गायरान कसं त्या गवतानं व्यापलं ते. त्याच्या पांढऱ्या फुलांची धूळ उडते, आणि मायची मान, पापण्या, हातांचे कोपर काळे पडून चिरतात ते. डॉक्टर म्हणतात, त्या गवतापासून लांब राहा. आता मेंढरं घेऊन जाणारी बाई गवतापासून लांब राहणार म्हणजे कशी... दोन वर्षं झाली, माय गायरानात गेली नाही. दाराच्या आत बसून असते.

मी गप्प झाले तेव्हा बाहेर सेनगावची घरं दिसायला लागली होती.

"तुमाला कुठं उतरायचं हाय?" मी विचारलं.

"नरसीला."

"नरसी मागं गेली की. कव्हाच."

"म्हाईत हाय," तो म्हणाला, आणि खोक्याचं झाकण नीट दाबायला लागला. "तुमच्या गावाचं नाव काय म्हणालात?"

घरी आल्यावर ओढणी दोरीवर टाकताना तिच्या घडीतून एक भुंगा पडला. अंगणाच्या कडेला उगवलेल्या गाजर गवताची एक फांदी मी काचेच्या बरणीत घातली, त्याला वर सोडलं आणि बरणीचं तोंड फडक्यानं बांधलं. सकाळी बघते तर वरची दोन पानं जाळीसारखी झाली होती, आणि तो तिसऱ्या पानाच्या कडेनं सावकाश, थकवा माहीत नसल्यासारखा खात चालला होता. मायनं बरणी डोळ्यांजवळ धरली. तिच्या सुजलेल्या पापण्या अर्ध्याच उघडत होत्या.

"एवढुसं पोट," ती म्हणाली. "आन् कशाला धास्तावलं न्हाई."

रविवारी तो आला. नाव रामप्रसाद. नरसीला त्याच्या वडिलांचं, संतरामकाकांचं, बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान. स्वतः शेतकी शिकून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करत होता, आणि दुकानामागे मच्छरदाणीत भुंगे वाढवत होता.

माझे वडील ज्ञानबा, कमी बोलणारा माणूस. त्यांनी त्याला चहा दिला आणि विचारलं, "हे तुमच्या बापाच्या दुकानात मिळत्यात का?"

"न्हाई, काका. म्हणून तर वडील माझ्यावर चिडून राहिले."

बाबांना हे उत्तर आवडलं असावं. त्यांनी काठी उचलली आणि त्याला गायरानात घेऊन गेले. मीही मेंढरं घेऊन निघाले... मेंढरं न्यायचीच होती.

आमचं गायरान साठ एकरांचं. लहानपणी मी तिथं पवन्या गवतात लोळायचे. आता कमरेएवढं गाजर गवत, वर ज्वारीच्या लाह्या सांडाव्यात तशी पांढरी फुलं. बघायला सुंदर, आणि त्याखाली दुसरं पातं उगवत नाही. ओढ्याच्या काठाला रामप्रसादनं खोकी उघडली. पाचशे भुंगे. ते आधी नुसते बसून राहिले. मग एक चढला, दुसरा चढला, आणि थोड्या वेळात प्रत्येक खोडावर एक दुधी ठिपका वर सरकताना दिसायला लागला.

"इथं आता उपटायचं न्हाई, जाळायचं न्हाई, फवारायचं न्हाई," तो म्हणाला. "अन् हा कोपरा मेंढरांनी तुडवायचा न्हाई."

"आन् हे आमची पिकं खाल्ले तर?" बाबांनी विचारलं.

"सोयाबीन, तूर, कापूस, हळद... ह्यांना तोंड लावत न्हाईत. सूर्यफुलावर मात्र कधीमधी बसतात, लई भुकेले असले की. तुमच्याकडं कुणी सूर्यफूल लावतं का?"

"न्हाई."

"मग सांगायची गरज नव्हती. पण म्हाईत होतं, म्हणून सांगितलं."

त्या क्षणी मी त्याच्याकडे बघितलं आणि मला वाटलं, हा पोरगा एसटीत नरसी विसरला नव्हता.

नंतर तो दर रविवारी यायला लागला. भुंगे मोजायला. वहीत काहीतरी लिहायचा, गुडघ्यांवर बसून पानं उलटायचा, आणि मी कुठं आहे हे न बघता विचारायचा, "मोहिनीताई, आज मेंढरं लवकर आणलीत?"

"ताई म्हणायची काय गरज हाय?"

"मग काय म्हणू?"

"मोजा तुमी भुंगे."

एका रविवारी त्यानं खिशातून भिंग काढलं. बोटाएवढं, घडी होणारं. "हे डोळ्याला चिकटवा. आन् पान हळूहळू जवळ आणा. न्हाई, डोळा हलवू नका... पान आणा."

मी एक डोळा मिटला. आधी हिरवा धूसर रंग दिसला, आणि मग एकदम सगळं स्पष्ट झालं. पानाच्या मागे पिवळी, लांबुडकी अंडी ओळीत उभी होती, तांदळाच्या कणीहून लहान. त्यातलं एक आतून हललं. टोकाला चीर पडली, आणि तिच्यातून काळं डोकं बाहेर आलं. मग एक पाय. मग थांबलं. मग दुसरा पाय. मी श्वास घेत नव्हते, कारण माझ्या श्वासानं ते उडून जाईल असं वाटत होतं. पूर्ण बाहेर आल्यावर त्या जिवानं आपल्याच अंड्याला टेकून जरा विसावा घेतला, आणि मग खाली वाकून पानाचा पहिला घास घेतला.

मी भिंग काढलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं. रामप्रसादचा चेहरा अगदी जवळ होता. तो पानाकडे बघतच नव्हता.

"तुमी बघितलं न्हाई," मी म्हणाले.

"मी रोजच बघतो. पहिल्यांदा बघणारं माणूस रोज बघायला मिळत न्हाई."

मी ते पान जपून परत गवतावर ठेवलं.

सप्टेंबरात घोटाळा झाला. गायरानाला लागून विश्वंभरकाकांचं सोयाबीन होतं. एका सकाळी त्यांच्या पानांना भोकं पडलेली दिसली, आणि बांधावर आमचे दोन-तीन भुंगे. बातमी तासाभरात गावभर झाली. रामप्रसाद परीक्षेला संभाजीनगरला गेलेला, फोन बंद. मी मेंढरं घेऊन पोचले तेव्हा विश्वंभरकाका पाठीला फवारणीचा पंप बांधून ओढ्याकडेच निघाले होते.

मी त्यांच्या वाटेत उभी राहिले.

"बाजूला हो, पोरी. त्या दुकानदाराच्या पोरानं किडे आणून सोडले. माझं पीक खाऊन राहिले."

"काका, दोन दिवस द्या."

"दोन दिवसांत काय उरंल?"

"उरलं न्हाई तर मी स्वतः पंप मारते. पण आज न्हाई."

ते थांबले. मी त्यांच्यासमोरच पंचवीस भुंगे वेचले, बरणीत त्यांच्याच शेतातली सोयाबीनची ताजी पानं घातली, भुंगे सोडले आणि तोंडाला फडकं बांधलं. बरणी मारुतीच्या पारावर ठेवली, सगळ्यांच्या नजरेसमोर. मग त्यांना म्हणाले, "आता तुमच्या शेतात चला."

भिंग रामप्रसादनं माझ्याकडेच ठेवलं होतं. पण भिंगाची गरज पडली नाही. भोकं पडलेली पानं उलटली तर खाली हिरव्या अळ्या होत्या, चालताना पाठ कमानीसारखी उचलणाऱ्या. पानाच्याच रंगाच्या, म्हणून वरून दिसत नव्हत्या. विश्वंभरकाका खाली बसले. एक अळी बोटावर घेतली. मग पाठीवरचा पंप सोडून बांधावर ठेवला.

दोन दिवस पारावर गर्दी होती. लोक येता-जाता बरणीत डोकावत. भुंगे काचेवर चढत, उतरत, सोयाबीनच्या पानांवरून चालत जात आणि पुढे निघून जात. पानं कोमेजली, पण एकालाही भोक पडलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सगळ्यांसमोर फडकं सोडलं आणि गाजर गवताचं एक डहाळं आत टाकलं. पंचवीसच्या पंचवीस त्याच्याकडे वळले. पारावरचे सगळे पुढे वाकले. कान दिला तर कुरतडण्याचा आवाज येत होता... येत नसेलही, पण आम्हा सगळ्यांना तो ऐकू आला.

"कसं कळतं त्यांना?" विश्वंभरकाकांनी हळूच विचारलं. "एवढ्या हिरव्यात आपलं कोणतं ते?"

मी मागे वळले तर गर्दीच्या कडेला रामप्रसाद उभा होता. खांद्यावर प्रवासाची बॅग, केस विस्कटलेले. तो भुंग्यांकडे बघत नव्हता. मी अंडं फुटताना जसं बघितलं होतं, तसा तो माझ्याकडे बघत होता.

ऑक्टोबर संपता संपता भुंगे कमी व्हायला लागले. ओढ्याकाठचा एकरभर तुकडा तपकिरी झाला होता, पण बाकीच्या एकोणसाठ एकरांवर पांढरी फुलं तशीच डुलत होती. रामप्रसादनं ओलसर माती बोटांनी उकरली. वीतभर खाली एक भुंगा पाय आवळून निपचित पडला होता.

"मेला?"

"झोपला. आता जूनपर्यंत असाच. ना खाणं, ना पाणी." त्यानं माती परत लोटली, हलक्या हातानं थोपटली, आणि तसाच बसून राहिला. "आता मोजायला काही न्हाई इथं."

"मग?"

"संभाजीनगरला क्लास लावलाय. वडील म्हणतात, किड्यांच्या मागं वर्ष घालवलं..." तो थांबला. "मोहिनी."

ताई गेलं होतं. मी वाट बघितली. त्यानं वही पिशवीत टाकली. "मायला मलम येळेवर लावायला सांग," एवढंच म्हणाला.

हिवाळा गेला, उन्हाळा आला. तो अधूनमधून फोटो पाठवायचा... गांधीलमाशीचं मातीचं घर, कोळ्याच्या जाळ्यावरचं दव. मी मेंढरांचे पाठवायचे. दोघंही जे लिहायचं ते लिहीत नव्हतो. मेपासून त्याचे फोटोही थांबले. मायची मान पुन्हा चिरली, आणि एक दिवस बाबा म्हणाले, "जवळा बाजारला मेंढरं विकायला नेतो. ती असंस्तोवर ह्या पोरीला त्या गवतात जावं लागंल. हिलाबी आईवाणी झालं तर?"

"एक पावसाळा थांबा," माय म्हणाली.

"काहून? त्या भुंग्यांसाठी?"

"व्हय. बरणीतला तो म्या बघितला हाय."

जुलैचा दुसरा आठवडा होता. रात्रभर पाऊस झाला होता आणि सकाळी ऊन पडलं होतं. मी ओढ्याच्या काठाला पोचले आणि माझ्या पायाजवळ मातीचं एक ढेकूळ हललं. मला वाटलं, पाण्यानं सुटलं असेल. मग त्याच्या बाजूचं हललं. मी खाली बसले. माती फोडून एक दुधी पाठ वर आली, चिखलानं माखलेली. त्यानं पुढच्या पायांनी तोंड पुसलं. मी मान वर केली. सगळा काठ हलत होता. जिथं बघावं तिथं मातीचे कण उचलले जात होते, आणि प्रत्येक कणाखालून एक जीव उन्हात येत होता. शेकडो, हजारो. आम्ही पाचशे सोडले होते. त्यांना कुणी उठवलं नव्हतं, वाट दाखवली नव्हती. काही पंख पसरून वाळवत होते, काही आत्ताच उडून कोवळ्या गाजर गवतावर बसत होते. मी त्या सगळ्यांच्या मधे बसून होते आणि पाय हलवायची हिंमत होत नव्हती. गायरान जिवंत आहे, एवढं एकच मनात येत होतं.

मी फोन लावला. त्यानं लगेच उचलला.

"मोहिनी? काय झालं? माय बरी हाय ना?"

"या," मी म्हणाले. "वर आलेत."

दीड तासात तो मोटारसायकलवर आला. संभाजीनगरहून दीड तासात कुणी येत नाही, हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला. तो काठाला येऊन थांबला, चपला काढल्या. मग तोंडावरून हात फिरवला.

"पुस्तकात वाचलं व्हतं," तो म्हणाला. "पण असं..."

"तुमी कुठून आलात?"

"नरसीहून. मे महिन्यातच परत आलो. दुकानात बसतो."

"दोन महिने? आन् इकडं यायला झालं न्हाई?"

तो मातीकडे बघत राहिला. "कोणत्या तोंडानं येणार? तुझ्या मायनं माझ्या भरवशावर मेंढरं ठिवली, हे ज्ञानबाकाकांनी दुकानात येऊन सांगितलं मला. हे वर आलेच नसते तर? रोज सकाळी उठून आभाळ बघायचो. म्हणायचो, आधी भुंगे निघू देत... मग जाईन."

"मी भुंग्यांची वाट बघत न्हवते," मी म्हणाले.

बोलून गेले, आणि मग परत घ्यायची इच्छाच झाली नाही. त्याची उजवी भुवई वर गेली, पण तो हसला नाही. तो माझ्याजवळ चिखलात बसला. माझ्या कपाळावर आलेली बट बाजूला करायला त्यानं हात उचलला, आणि अर्ध्यावर थांबला... मी मान थोडी पुढे केली.

"दर रविवारी तीनशे-चारशे मोजायचो," तो म्हणाला. "घरी जाऊन वही बघितली की अर्धी पानं कोरी. मी मोजतच नव्हतो, मोहिनी. तुला बघायला येत व्हतो."

"म्हाईत हाय."

"कव्हापासून?"

"नरसी मागं गेली तव्हापासून."

आता मात्र तो हसला.

सप्टेंबर सरता सरता गायरानाच्या वीसेक एकरांत गाजर गवताची नुसती तपकिरी खोडं उरली होती, फुलावर न आलेली, आणि त्यांच्यामधून पवन्याची हिरवी पाती वर निघाली होती. उरलेल्यावर भुंगे चढत होते. त्यांना घाई नव्हती. मायच्या मानेवरची कातडी मऊ पडली होती, डोळे पूर्ण उघडत होते.

एका रविवारी रामप्रसाद आईवडिलांना घेऊन आमच्याकडे आला. संतरामकाका चहा घेताना अवघडून बसले होते. शेवटी त्यांनी कप खाली ठेवला.

"ज्ञानबा, मागणं घालायला आलोय. पण त्याच्याआधी मला ते गायरान बघू द्या. तीस वर्षं मी फवारणी विकली. पोरगं म्हणतं ते खरं काय, मला डोळ्यांनी बघायचं हाय."

बाबा काठी घ्यायला उठले. पण माय त्यांच्या आधी उठली होती. तिनं डोक्यावर पदर घेतला, बाह्या मनगटापर्यंत ओढल्या, आणि रामप्रसादच्या आईचा हात धरला.

"चला, इहीणबाई," ती म्हणाली. "म्या दाखवते."

बाबा दारात तसेच उभे राहिले. मागणं अजून घातलं गेलं नव्हतं, होकार कुणी दिला नव्हता, आणि माय इहीणबाई म्हणून मोकळी झाली होती. तीन वर्षं उंबरा न ओलांडलेली माझी माय उन्हात उतरली आणि गायरानाच्या वाटेला लागली. मागे संतरामकाका, त्यांच्या मागे बाबा, आणि सगळ्यांच्या मागे आम्ही दोघं. ओढ्याजवळ पोचल्यावर माय थांबली. तिनं खाली वाकून पवन्याचं एक पातं तोडलं, नाकाशी धरलं आणि डोळे मिटले.

रामप्रसादनं माझा हात हातात घेतला. पुढे चाललेल्यांपैकी कुणी मागे वळून बघितलं असतं तर दिसलं असतं. आम्ही हात सोडला नाही.